मुंबई ते जिद्दा : आठ दिवस आणि पाच तास

गेल्या महिन्यात भूगोलाचे सर रजेवर होते, म्हणून नववीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. धडा रेखावृत्तांचा होता. मी भाषेचा शिक्षक. पण नकाशा भिंतीवर टांगला की मलाही चेव येतो. सहज विचारले, "मुंबई ते जिद्दा किती लांब?" मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, पाच तास." त्याची खाला नुकतीच उमऱ्याला गेली होती. सकाळी मुंबईहून निघाली आणि असरच्या नमाजेला तिकडे होती.

मी अंतर विचारले होते, उत्तर वेळेत आले. मुलाचे चुकले असे मला वाटत नाही. आपण सगळे असेच बोलतो. पुणे तीन तास, नाशिक चार तास. पण हेच उत्तर माझ्या नानीने वेगळे दिले असते, तिच्या आजीने आणखी वेगळे, आणि साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या हाजीने तर 'परत आलो तर सांगतो' असेच म्हटले असते. शहरे दोन्ही जागच्या जागी आहेत. मधले पाणीही तेवढेच आहे.

आधी आकडे पाहू. मुंबई ते जिद्दा हवाई अंतर सुमारे ३५२० किलोमीटर. थेट विमान जाताना पाच तासांच्या आसपास घेते, येताना बहुतेक वेळा थोडे कमी, कारण वरच्या हवेतले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणून सकाळी दहाला निघालेला माणूस तिथल्या साडेबाराला उतरतो आणि त्याला वाटते की अडीच तासांतच पोहोचलो. नकाशावर पाहिले तर विमान जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. मुंबईचा किब्लाही तसाच आहे : पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेकडे.

समुद्राचा रस्ता मात्र सरळ नाही. मध्ये अख्खा अरबस्तान आडवा पडला आहे. जहाजाला अरबी समुद्र ओलांडून एडनपर्यंत जावे लागते, तिथून बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत शिरायचे आणि मग तांबड्या समुद्रात उत्तरेकडे चढायचे. बाब-अल-मंदब म्हणजे अश्रूंचे दार. हे नाव उगाच पडलेले नाही. हा वळसा धरून अंतर होते सुमारे २३०० सागरी मैल, म्हणजे ४२६० किलोमीटर. विमानापेक्षा साडेसातशे किलोमीटर जास्त. त्यात विशेष काही नाही. खरा फरक वाऱ्यात होता.

शिडाच्या जहाजांच्या काळात हिंदुस्थानातून हजला जायचे तर मान्सूनची परवानगी लागे. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहतात, तेव्हा जहाज पश्चिमेला निघते. जून-जुलैत समुद्र बंद. पाऊस ओसरू लागला की नैऋत्येचे वारे घेऊन परतायचे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारे वर्षभर उत्तरेकडूनच येतात, म्हणून हिंदी महासागरातून आलेली जहाजे जिद्दाच्या पुढे सहसा जात नसत. जिद्दा मोठे बंदर झाले त्यात मक्का जवळ असण्याचा वाटा आहेच, पण या वाऱ्यांचाही आहे. अडचण अशी की वारे सूर्याच्या हिशेबाने चालतात आणि हज चंद्राच्या. हजचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. एखाद्या वर्षी वारा आणि चाँद जुळत. नाही जुळले तर हाजी मक्केत महिनोन् महिने पुढच्या हजची किंवा परतीच्या वाऱ्याची वाट पाहत बसे. तेव्हा 'मुंबई ते जिद्दा किती तास' हा प्रश्नच कोणी विचारला नसता. (मुंबई तरी कुठे होती म्हणा! सात बेटे आणि कोळीवाडे.) बंदर होते सुरत. त्याला लोक 'बाब-अल-मक्का', मक्केचे दार, म्हणत.

याच सुरतेहून अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला गेली. १५७५ साली ती फतेहपूर सिक्रीहून निघाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, बरोबर राजघराण्यातल्या इतर स्त्रिया. बादशहाची आत्या असूनही तिला सुरतेत बरेच महिने अडकून पडावे लागले, कारण समुद्र पोर्तुगीजांचा होता. त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज सुटत नसे. शेवटी ती मक्केत पोहोचली, तीनेक वर्षे राहिली, परतताना एडनजवळ जहाज फुटले, तिथे पुन्हा मुक्काम. सिक्रीला ती परत आली १५८२ मध्ये. सात वर्षे! या सात वर्षांतला प्रत्यक्ष प्रवासाचा काळ फारच थोडा. बाकी सगळे थांबणे.

त्या परवान्यावरून आपल्या उलेमांमध्ये वादही झाला होता. परवान्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या बड्या आलिमाने म्हणे फतवाच दिला की हज आता हिंदुस्थानच्या मुसलमानांवर फर्ज उरलेला नाही. खुष्कीच्या वाटेवर इराणचे शिया आणि समुद्रावर ही चित्रे. हे बदायूनीने लिहून ठेवले आहे, आणि बदायूनीचे त्या आलिमावर प्रेम नव्हते, हे लक्षात ठेवूनच वाचावे. पण मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हज फर्ज होतो तो इस्तिताअत असेल त्याच्यावर, म्हणजे ज्याला तिथवर जाण्याची ऐपत आहे त्याच्यावर. पैसा, तब्येत आणि वाटेची सुरक्षितता, तिन्ही त्यात आले. म्हणजे रस्ता कसा आहे हा निव्वळ भूगोलाचा प्रश्न नव्हता, फिकहचाही होता.

वाट किती सुरक्षित होती याचा एक दाखला १६९५ चा. हाजींना घेऊन परतणारे 'गंज-ए-सवाई' हे औरंगजेबाचे जहाज सुरतेच्या अलीकडेच हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने लुटले. बायकांवर अत्याचार झाले. औरंगजेबाने सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकले. आमच्या कोकणातही समुद्राच्या या भीतीची एक आठवण उभी आहे. दाभोळच्या खाडीकाठच्या जुन्या शाही मशिदीबद्दल लोक सांगतात की विजापूरची एक शहजादी मक्केला जायला म्हणून दाभोळला आली, समुद्र धोक्याचा म्हणून तिला जाता आले नाही, आणि हजसाठी आणलेला पैसा तिने मशिदीत घातला. ही ऐकीव कथा आहे. लहानपणी त्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसून खाडीकडे पाहताना मात्र मला ती शंभर टक्के खरी वाटायची.

मग आगबोट आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, तांबड्या समुद्रात आगबोटींची वर्दळ वाढली आणि मुंबई ही हजची सगळ्यात मोठी हिंदी गोदी बनली. बुखारा, अफगाणिस्तानपासूनचे लोक मुंबईत येऊन जहाज पकडत. १८७७ मध्ये मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' निघाली, तीच पुढे 'मुघल लाईन'. आता वाऱ्याची परवानगी लागत नव्हती. जहाज पावसाळ्यातही सुटे, हाल काढत का होईना, पण सुटे. वर्षांचा प्रवास आठवड्यांवर आला.

पण प्रवास वेगाने होऊ लागला तसा रोगही वेगाने पोहोचू लागला. १८६५ च्या हजमध्ये कॉलराने हजारो माणसे मेली आणि साथ तिथून इजिप्त, युरोपपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानचा हाजी हा जगाच्या डोळ्यांत रोगाचा वाहक ठरला. १८८२ पासून तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळच्या कामरान बेटावर हाजींची जहाजे थांबवून क्वारंटाईन सुरू झाले. अंगावरचे कपडे उतरवून वाफेत घालायचे, पत्र्याच्या-चटयांच्या झोपड्यांत दिवस काढायचे, त्याचे पैसेही हाजीनेच भरायचे. जहाज दोन आठवड्यांत जिद्दाला लागेल म्हणून पीठ-तांदूळ बांधून आणलेले, आणि मध्येच हा मुक्काम. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग होता म्हणून सरकारने हजला जाणेच बंद केले. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे आपल्याकडून कोणी जाऊ शकले नाही, तेव्हा अनेकांना वाटले की हे पहिल्यांदाच घडते आहे. नाही. विमान पाच तासांचे असले तरी दार बंद झाले की ते बंदच.

ब्रिटिश सरकारची भूमिका दुटप्पी होती. हाजींचे हाल थांबवावेत तर धर्मात ढवळाढवळ केल्याचा ठपका, न थांबवावेत तर युरोप ओरडणार. १८८६ मध्ये त्यांनी हजच्या प्रवासाची व्यवस्था चक्क थॉमस कुक या पर्यटन कंपनीकडे सोपवली. काही वर्षांत कुकने हात टेकले. त्या व्यवसायात गरीब हाजीकडून सुटण्यासारखे फार काही नव्हते. मोठा प्रश्न होता एकेरी तिकिटाचा. कितीतरी लोक जाण्यापुरते पैसे जमवून जात आणि जिद्दाच्या बंदरावर परतीसाठी अडकून पडत. वेळोवेळी सरकारला त्यांना स्वखर्चाने परत आणावे लागे. शेवटी १९२० च्या दशकात परतीचे तिकीट किंवा अनामत सक्तीची झाली. ते योग्यच झाले असे आज वाटते, पण त्या वेळी अनेकांना ते रुचले नव्हते. मक्केच्या वाटेवर परतीचा हिशेब कसला करायचा, असा त्यांचा सवाल. पुष्कळांची परतायची इच्छाच नसे.

१९३७-३८ च्या सुमारास सिंदिया कंपनीने 'अल हिंद' आणि 'अल मदिना' ही स्वदेशी जहाजे या मार्गावर उतरवली, मुघल लाईनशी भाडेयुद्ध जुंपले आणि तिकिटांचे दर कोसळले. दोन कंपन्यांच्या भांडणात हाजीचा फायदा झाला, असे क्वचितच घडते. पुढे महायुद्धात ही दोन्ही जहाजे गेली. स्वातंत्र्यानंतर मुघल लाईन सरकारी झाली. 'मोहम्मदी', 'इस्लामी', 'सौदी', 'नूरजहाँ', 'अकबर' ही तिच्या जहाजांची नावे आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात.

माझी नानी १९७४ मध्ये 'अकबर' जहाजाने गेली. दाभोळहून रात्रीच्या बोटीने भाऊचा धक्का, तिथून क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना. मुसाफिरखान्यात आठवडा काढला. लसीचे दाखले, पिलग्रिम पास, रियाल घेणे, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. माझगावच्या यलो गेटवर निरोप द्यायला गावातून तीसेक माणसे आली होती. पत्र्याच्या ट्रंकेवर मामूने पांढऱ्या रंगाने नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळे लिहिले होते. ट्रंकेत तांदूळ, पापड, लोणचे, सुकट आणि सगळ्यात खाली घडी केलेले कफन. कफन बरोबर नेणे तेव्हा नवलाचे नव्हते. जहाजावर कोणी वारले तर जनाजाची नमाज होऊन मय्यत समुद्राच्या हवाली केली जाई. नानीच्या खेपेला मराठवाड्याकडचे एक म्हातारे एडनच्या अलीकडे गेले. ती हा प्रसंग सांगताना रडत नसे. एवढेच म्हणायची, "इंजिन थोडा वेळ बंद केले होते. तेवढाच वेळ सगळे शांत होते."

जहाजाचे गोडवे गाणारे लेख मी वाचतो तेव्हा मला नानीच्या उलट्या आठवतात. पहिले तीन दिवस ती उठून बसली नव्हती. खालच्या मजल्यावर हवा नाही, तेलाचा वास, न्हाणीघरापुढे रांगा. ज्याला आठवणींचा सुगंध म्हणतात, तो बराचसा डिझेलचा होता. तरी एक गोष्ट खरी. तिथेच तिला मालेगावची एक बाई भेटली, मागावर काम करणाऱ्या घरातली. एकीची बोली कोकणी, दुसरीची मालेगावची उर्दू. चौथ्या दिवसापासून दोघींचा स्वयंपाक एकत्र. यलमलमची मीकात आली तेव्हा जहाजाचा भोंगा वाजला, सगळ्यांनी एहराम बांधलेलाच होता, आणि 'लब्बैक' सुरू झाले ते तास-दोन तास थांबले नाही म्हणे. त्या दोघींची पत्रे नंतर वीस वर्षे येत-जात होती. नानीला लिहिता येत नव्हते, ती मला सांगायची आणि मी लिहायचो. माझे उर्दू बऱ्यापैकी झाले त्याचे श्रेय बी. एड. कॉलेजला द्यायला माझे मन तयार होत नाही.

विमानात मीकातची सूचना होते आणि थोड्याच वेळात पट्टे बांधायला सांगतात. म्हणून बहुतेक जण घरूनच किंवा विमानतळावरच एहराम बांधून निघतात. मुंबई ते जिद्दा पाच तासांत शेजारच्या माणसाचे नाव विचारायचे राहून जाते. यात कोणाचा दोष नाही.

जहाजे थांबली १९९५ मध्ये. 'अकबरी' हे शेवटचे. जुनी झालेली जहाजे, वाढता खर्च, आणि लोकांनाही विमानच हवे होते. इथेच तो विषय येतो, जो दर वर्षी शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हसत हसत काढतो : "सर, तुमची सबसिडी." मी पूर्वी गप्प बसायचो. आता इतिहास सांगतो. तेलाच्या भाववाढीनंतर १९७३ च्या आसपास जहाजांची संख्या कमी होत गेली, तेव्हा विमानाचे भाडे आणि जहाजाचे भाडे यांतला फरक सरकारने सोसायला सुरुवात केली. म्हणजे ते अनुदान मुळात समुद्र आणि आकाश यांतल्या भाड्याच्या फरकाचे होते. जहाजे बंद झाली, फरक मोजायला दुसरी बाजूच उरली नाही, पण अनुदान राहिले आणि त्याचा पैसा हाजीच्या हातात कधी आलाच नाही. तो विमान कंपनीकडे जात होता, आणि कुठल्या विमानाने जायचे हे निवडण्याची मुभा हाजीला नव्हती. समाजातल्याच अनेकांनी ते बंद करा असे म्हटले होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठासमोर दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितले आणि २०१८ मध्ये सरकारने ते एकदमच संपवले. मला वाईट वाटले नाही. टोमणा मात्र अजून संपलेला नाही. त्याला न्यायालयाने मुदत घालून दिली नव्हती.

त्याच जानेवारीत समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. आधुनिक जहाजाला हे २३०० सागरी मैल तीन-चार दिवस पुरतील असे सांगितले गेले. जहाज काही सुटले नाही. दरम्यान वाट पाहण्याची जागा बदलली. पूर्वी माणूस सुरतेत, कामरानला, जिद्दाच्या धक्क्यावर थांबे. आता तो घरी थांबतो. अर्ज, कुर्रा, प्रतीक्षा यादी. आमच्या गल्लीतले एक रिक्षाचालक चाचा तीन वर्षे कुर्ऱ्यात नाव यायची वाट पाहत होते, आणि नाव आले त्या वर्षी गुडघ्याचे ऑपरेशन निघाले. त्यांचा मुंबई-जिद्दा प्रवास किती तासांचा, हे कसे मोजायचे?

वर्गात मी यातले निम्मेसुद्धा सांगू शकलो नाही. तास संपायला दहा मिनिटे उरली होती. मघाचाच मुलगा म्हणाला, "मग सर, नानींना बोटीने किती दिवस लागले?" आमच्या घरात यावरून अजून वाद आहे. मामू म्हणतात सात, अम्मी म्हणते नऊ, नानी स्वतः दिवस मोजण्याच्या अवस्थेत नव्हती. मी फळ्यावर २३०० लिहिले. जहाज तासाला सरासरी बारा सागरी मैल जाते असे धरा म्हटले. पोरांनी भागाकार केला, मग चोवीसने पुन्हा. पहिल्या बाकावरच्या मुलीने आधी उत्तर दिले : एकशे एक्याण्णव तास आणि वर थोडे, म्हणजे आठ दिवसांना अगदी थोडे कमी.

संध्याकाळी अम्मीला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या हिशेबात ते इंजिन बंद केल्याचा वेळ धरलास का?"